कारखान्यात सक्ती, वसतिगृहात मर्जी

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात शिरलं की भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी दिसते. ती तिथे मालकाच्या मर्जीने लागलेली नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४५ ने तिचा हिशेबच घालून दिला होता: एका वेळी कामावर असणाऱ्या दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी. ती नुसती टांगून भागत नसे. पेटी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी, त्या माणसाकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं आणि कारखाना चालू असेपर्यंत तो हाकेच्या अंतरावर हवा, असंही ते कलम सांगत होतं. कामगार पाचशेहून जास्त असले तर उपचारांसाठी वेगळी खोलीच ठेवावी लागे. आता या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण पाऊणशे वर्षांत कामगारांच्या एक गोष्ट अंगवळणी पडली. पाळीत कुणाला काही झालं, तर हाक कुणाला मारायची हे आधीच ठरलेलं असतं.

आता समजा, बोईसरच्या अशाच एका कामगाराचा बारा वर्षांचा मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे निवासी विशेष शाळेत आहे. बाप यंत्रापाशी उभा असताना त्याच्यासाठी प्रमाणपत्र असलेला माणूस तयार ठेवणं कंपनीला भाग असतं. मुलाच्या घशात घास अडकला तर? त्याला भरवणाऱ्या काळजीवाहकाकडे तसं प्रमाणपत्र असलंच पाहिजे, असं सांगणारं तितकं नेमकं कलम दिव्यांगांच्या मुख्य कायद्यात नाही. ही पोकळी कशी राहिली आणि ती भरायची कशी, हे या प्रकरणात पाहू.

कायदा काय मागतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आले. संस्था चालवणाऱ्यांसाठी यातलं कलम ५० महत्त्वाचं. नोंदणीचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. ठरवून दिलेल्या सोयी आणि दर्जा संस्था सांभाळू शकते का, हे पाहून ते प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे प्रमाणपत्र इमारतीला आणि संस्थेला आहे. रात्री वॉर्डात झोपणाऱ्या काळजीवाहकाच्या हातांना काय यायला हवं, हे मूळ कायदा नाव घेऊन सांगत नाही.

विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांची गोष्ट वेगळी. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद त्यांची नोंदवही ठेवते, आणि नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. काळजीवाहकांसाठीही अभ्यासक्रम आहेत. १९९९ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ योजना त्यांच्याच प्रशिक्षणासाठी आहे. मे २०२१ मध्ये पुनर्वास परिषदेने गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. पण शाळेत मदतनीस म्हणून लागणारी बाई किंवा रात्रपाळीचा माणूस पुष्कळदा आसपासच्या पाड्यातला असतो आणि त्याने असं काम आधी कधी केलेलं नसतं. त्याचं प्रशिक्षण म्हणजे आधीच्या काळजीवाहकाने दोन दिवसांत दाखवलेलं काम.

देखरेख नुसती कागदावर राहिली की काय होतं, याचं उदाहरण फार लांबचं नाही. २०१० मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच असताना, शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातून उपासमारीच्या आणि छळाच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पुढे राज्यातल्या अशा वसतिगृहांवर लक्ष ठेवण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राध्यापक आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती काम करू लागली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. दार ठोठावायला आता जागा आहे, तेव्हा मागणी नेमकी असायला हवी.

नेहमीचा प्रथमोपचार पुरत नाही

कारखान्यातल्या प्रथमोपचारकाला भाजणं, कापणं, विजेचा धक्का आणि वायूने गुदमरणं यांची तयारी असावी लागते. दिव्यांगांच्या सेवेतल्या माणसापुढे येणारे प्रसंग वेगळे असतात. त्यातला सर्वांत नेहमीचा धोका जेवणाच्या ताटात असतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांना गिळताना त्रास होतो. जीभ आणि घशाचे स्नायू वेळेवर काम करत नाहीत, घास श्वासनळीकडे सरकतो. अशा मुलाला उभ्याने, वरून चमचा घालून भरवलं की ते मान वर करतं, आणि मान मागे गेली की श्वासनळीचं तोंड उघडं पडतं. म्हणून भरवणाऱ्याने मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. मुलाची पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, अर्धाच भरलेला. गळ्यावरची हालचाल पाहून, आधीचा घास उतरला याची खात्री झाल्यावर पुढचा.

पालघरच्या ताटात काही खास धोके आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूची बी गुळगुळीत दिसते, पण तिच्या टोकाला बारीकसा आकडा असतो आणि तो घशात रुततो. बहाडोलीच्या जांभळाची बी मुलं चोखता चोखता गिळतात. माशाचा काटा तर रोजचाच. अशा मुलांना फळ देताना बी काढून आणि गर कुस्करूनच द्यायचा, हा स्वयंपाकघराचा नियम असला पाहिजे.

तरीही घास अडकलाच, तर आधी ऐकायचं. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं, तोंडात बोटं घालायची नाहीत. खोकला बसला, आवाज येईना, ओठ निळसर दिसू लागले की एक क्षणही थांबायचं नाही. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, मग बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली आत आणि वर असे पाच दाब; घास सुटेपर्यंत आळीपाळीने. मूल व्हीलचेअरमध्ये असेल तर पहिल्यांदा ब्रेक लावायचे, बाजूला उभं राहून एका हाताने छातीला आधार देत त्याला पुढे झुकवायचं आणि थापा द्यायच्या. ते बेशुद्ध पडलं तर पट्टे सोडून जमिनीवर घ्यायचं आणि सीपीआर सुरू करायचा. पट्ट्याचं बक्कल कुठल्या बाजूने उघडतं, हे त्या वेळी शोधत बसायची पाळी येता कामा नये.

दुसरा नेहमीचा प्रसंग आकडीचा. आपल्याकडे फीट आली की कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं, कुणी दातांत चमचा घालतं. यातलं काहीच करायचं नाही. डोक्याखाली मऊ कपडा ठेवायचा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला सारायच्या, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळ पाहायचं. झटके थांबले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येते. आकडी पाच मिनिटांच्या पुढे गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा पाण्यात असताना आली, तर रुग्णवाहिका बोलवायची. काही मुलांना डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडॅझोलामचा फवारा लिहून दिलेला असतो. तो कुठे ठेवला आहे आणि कधी द्यायचा, हे प्रत्येक पाळीला माहीत हवं.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेलही दिव्यांगत्वात धरला. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांच्या या जिल्ह्यात ही नोंद महत्त्वाची आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, त्यातही आदिवासी भागांवरच भर आहे. या मुलाचे हातपाय दुखायला लागले की मुका मार समजून बर्फ लावणारे पुष्कळ. सिकलसेलमध्ये थंडीने दुखणं वाढतं. पाणी पाजायचं, ऊब द्यायची आणि ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर थेट दवाखाना गाठायचा.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, आणि साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. अशांचा श्वासमार्ग उघडताना मानेला झटका द्यायचा नाही, जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचलायचा. तेवढ्याने जमलं नाही तर मान हळूच मागे घ्यायची, पण श्वासमार्ग मोकळा करायचाच. छातीच्या मध्यापासून वर मणक्याला इजा झालेल्या माणसाचा रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोकं फुटेल इतकं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. कारण पुष्कळदा तुंबलेली लघवीची नळी असते. त्याला आडवं करायचं नाही. बसतं करायचं, कपडे सैल करायचे आणि नळी दुमडली आहे का ते पाहायचं. कर्णबधिर माणसाचे हात मोकळे ठेवायचे, कारण तो हातांनी बोलतो. स्वमग्न मुलाला हात लावण्याआधी सांगायचं. यातलं फारसं काही सर्वसाधारण प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवत नाहीत, म्हणून संस्थेने ते मागून घ्यायचं असतं.

सीपीआर: कारखान्याकडून घराकडे

सीपीआरचा जन्मही औद्योगिक कामगारांच्या निमित्ताने झाला. अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्याने मरत, म्हणून वीज कंपन्यांच्या पैशावर संशोधन सुरू झालं. जॉन्स हॉपकिन्समधले विल्यम कावेनहोवन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. त्यांच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर यांना दिसलं, की छातीवर विजेचे पॅड जोरात दाबले की वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा चढतो. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड त्यांना येऊन मिळाले आणि १९६० मध्ये तिघांनी बंद छातीवरच्या दाबांची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुन्द लार्डाल यांनी सरावाचा पुतळा तयार केला. आज वर्गात जमिनीवर आडवा ठेवलेला असतो तो त्याच पुतळ्याचा वारसदार.

पद्धत सांगायला सोपी आहे. हाक मारायची, खांदे हलवायचे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगून छातीच्या मधोमध दाब सुरू करायचे. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मुलांमध्ये छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. प्रशिक्षित माणूस तीस दाबांनंतर दोन श्वास देतो. गादीवर दिलेला दाब गादीच खाऊन टाकते, म्हणून माणसाला कठीण जमिनीवर घ्यायचं. पाठीला बाक असलेल्या किंवा हातपाय आखडलेल्या माणसाचे हातपाय सरळ करत बसायचं नाही. उशा-घड्यांचा आधार देऊन छातीपर्यंत हात नीट पोहोचेल असं करायचं. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यायची. एका पाळीत एकच प्रशिक्षित माणूस का पुरत नाही, याचं उत्तर यातच आहे.

भारतातल्या भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी सोपी पद्धत मांडली: नुसते छातीवरचे दाब, तोंडाने श्वास नाही. रस्त्यात कुणी अचानक कोसळला तर ही पद्धत उत्तम, कारण तिथे बहुधा हृदय आधी थांबलेलं असतं आणि रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो. दिव्यांगांच्या वसतिगृहात मात्र घास अडकणं, लांबलेली आकडी, पाण्यात बुडणं अशी कारणं पुढे असतात. तिथे श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. अशा माणसाला श्वास न देता नुसते दाब देणं अपुरं पडतं. म्हणून काळजीवाहकाने नुसत्या दाबांच्या शिबिरावर समाधान मानू नये. तोंडावर ठेवायचा मास्क वापरून श्वास द्यायलाही त्याने शिकलं पाहिजे.

प्रमाणपत्र वाचायचं कसं

६ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाने देशभर एकाच दिवशी सीपीआरची जागृती मोहीम घेतली. अशा मोहिमांनी भीती जाते. पण पडद्यावर पाहिलेला सीपीआर आणि पुतळ्यावर घाम गाळून केलेला सीपीआर यांत फरक आहे. प्रमाणपत्र हातात आलं की त्यावर तीन गोष्टी पाहायच्या: कुणी दिलं, पुतळ्यावर प्रत्यक्ष परीक्षा झाली का आणि मुदत कधी संपते.

आपल्याकडे प्रथमोपचाराचे वर्ग सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत. सेंट जॉनची मूळ संघटना १८७७ ची, भारतीय रेडक्रॉस १९२० च्या कायद्याची. सेंट जॉनचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीचं बीएलएसचं (मूलभूत जीवरक्षणाचं) कार्ड दोन वर्षं चालतं. ऑस्ट्रेलियात दिव्यांगांच्या सेवेतल्या नोकरीसाठी मालक बहुतेक वेळा प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मागतात. तिथे सीपीआरची उजळणी दर वर्षी आणि प्रथमोपचाराची दर तीन वर्षांनी करण्याचा दंडक आहे. कारण साधं आहे: सीपीआरचं कौशल्य शिकल्यापासून काही महिन्यांतच बोथट व्हायला लागतं. कार्डावरची तारीख पुढची असली तरी हात विसरलेले असू शकतात. संस्थेने दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटं पुतळ्यावर सराव ठेवला, तर प्रमाणपत्र खरं राहतं. बोईसरच्या आसपासच्या संस्थांना यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. प्रशिक्षित माणसं आणि पुतळे शेजारच्या कारखान्यांत असतात, मोठ्या कंपन्यांकडे सामाजिक उत्तरदायित्वाचा निधीही असतो. एका दुपारच्या वर्गासाठी अर्ज टाकायला काही हरकत नाही.

अंतर आणि कायद्याची भीती

जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो. सेवा मोलाची आहे. पण प्राणवायूशिवाय मेंदूला साधारण चार मिनिटांत इजा व्हायला लागते, आणि चार मिनिटांत पालघर शहरातही गाडी येईलच असं नाही, मग मोखाड्याच्या घाटात कुठून? जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा कासाचं उपजिल्हा रुग्णालय गाठायलाच कित्येक पाड्यांना बराच वेळ लागतो. तलासरी-डहाणूकडचे गंभीर रुग्ण सिल्व्हासा-वापीकडे नेले जातात. गाडी येईपर्यंतची मिनिटं काळजीवाहकालाच सांभाळायची असतात. बोईसरच्या संस्थांनी त्यात वायुगळतीचीही भर धरावी. वारा कुठून वाहतो ते पाहून, वाऱ्याला आडवं जात मुलांना हलवायचं, आणि व्हीलचेअर कोण ढकलणार हे आधीच ठरवायचं. आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण मिळालं पाहिजे, असं २०१६ च्या कायद्याचं कलम ८ सांगतंच.

पुष्कळ जण हात लावायला घाबरतात: बरगडी मोडली तर, पोलीस केस झाली तर? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३० इथे उपयोगी आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं. सीपीआर देताना बरगडी मोडू शकते, पण ती जुळते.

नवा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. संस्थाचालकांनी काळजीवाहकाच्या नेमणूकपत्रात एक ओळ घालावी: रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रमाणपत्र, शुल्क संस्थेचं, दर वर्षी उजळणी. प्रत्येक पाळीत, रात्रपाळीतही, किमान दोन प्रमाणपत्रधारक असावेत आणि त्यांची नावं जेवणघराच्या भिंतीवर लावलेली असावीत. पालकांनी प्रवेश घेताना विचारावं: आज रात्री माझ्या मुलाजवळ कोण झोपणार आहे, त्याला सीपीआर येतो का, त्याच्या कार्डाची मुदत कधी संपते? उत्तर मिळालं नाही तर तसं लेखी कळवावं आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला त्याची प्रत द्यावी. दीडशे कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस हवा, हे आपण १९४८ साली मान्य केलं. ज्याला स्वतःचा घासही स्वतः सोडवता येत नाही, त्याच्यासाठी त्याहून कमी मागणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.